रात्रीची जागल : बॅटरी की थर्मल?



यंदाच्या लागणीपूर्वी ऊस विकास विभागाने ज्या गटसभा घेतल्या त्यांत बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम हे नेहमीचे विषय झालेच. पण जवळजवळ प्रत्येक सभेत शेवटचा तास रानडुकराने घेतला. यात नवे काही नाही. नवीन होती ती एक मागणी. काही तरुण सभासदांनी उभे राहून सांगितले की, कारखान्याने फवारणी पंपावर अनुदान दिले तसे आता थर्मल दुर्बिणीवर द्यावे. मोबाईलवर त्यांनी आम्हाला चित्रफितीही दाखवल्या. काळ्या पडद्यावर पांढरी शुभ्र डुकरे चरताहेत, कुठूनतरी गोळी सुटते आणि एकेक आडवे पडते. सगळे परदेशातले. त्यावर मागच्या बाकावरून एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “आमच्या वेळी बॅटरी अन् भरमार बंदूक, एवढ्यावर भागत होतं. तुमाले डुक्कर पायाले बी लाखाची मशीन लागते का?” सभा हसली, पण प्रश्न मिटला नाही. सभा दोन तटांत वाटली गेली, बॅटरीवाले आणि थर्मलवाले.

“वरिष्ठांना कळवतो” म्हणून हा विषय बाजूला सारणे आम्हाला सोपे होते. पण सभासदांच्या जिवाशी आणि उसाशी ज्याचा संबंध आहे त्यावर विभागाने आपले मत स्पष्ट सांगावे, असे आम्हाला वाटते. आमचे मत थोडक्यात असे. अंधारात पाहण्यासाठी थर्मल यंत्र जरूर वापरावे, ते बंदुकीवर चढवू नये. आणि बॅटरी मारून रात्री गोळी घालण्याची जुनी पद्धतही तितकीच चुकीची आहे. ती जुनी आहे म्हणून चांगली ठरत नाही. दोन्ही तटांना हे आवडणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

प्रथम नुकसानीविषयी. जे लोक शहरात बसून “दोन-चार ऊस खाल्ले तर काय बिघडले” म्हणतात त्यांनी एकदा सकाळी वावरात येऊन बघावे. डुक्कर ऊस खातो कमी आणि नासतो जास्त. बुडाजवळची गोड कांडी चावतो, रस चोखतो, चोथा टाकतो आणि पुढच्या उसाकडे जातो. आडवा पडलेला ऊस चार दिवसांत वाळू लागतो, चावलेल्या जागी आंबतो, आणि असा ऊस मोळीत आला की उतारा खाली येतो. म्हणजे ज्याच्या वावरात डुक्कर शिरले नाही त्या सभासदाच्या भावावरही त्याचा परिणाम होतो. नव्या लागणीत तर ते सरीत नाक घालून टिपऱ्याच उकरतात. हुमणीच्या अळ्या असतील तिथे खोडव्याची ठोंबेच्या ठोंबे उपटून ठेवतात. मादी एका वेतात चार-सहा पिले देते, आणि उभा ऊस म्हणजे तिच्यासाठी घर, अन्न आणि पाणी एकाच ठिकाणी. जंगलातून डुक्कर येते हे अर्धे खरे. पुष्कळ डुकरे आता उसातच राहतात.

तेव्हा शेतकऱ्याने हात बांधून बसावे, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला बसून अहिंसेचा विचार जगाला देणाऱ्या गांधीजींनीही १९४६ साली ‘हरिजन’मध्ये पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांविषयी लिहिताना, ती नासाडी शेतकऱ्याने निमूट सोसावी असे म्हटले नव्हते. पिकाचे रक्षण हा शेतकऱ्याचा हक्क आहे. वाद आहे तो कशाने आणि कसे, याचा.

आता बॅटरीचे पाहू. जुन्या मंडळींना कार्बाइडचा दिवा आठवत असेल. कपाळाला बांधलेला, पाण्याचा थेंब पडला की फुसफुसणारा. त्यानंतर पाच सेलची बॅटरी आली, मग जीपवरचा सर्चलाइट आला आणि आता डोक्याला लावायचा चार्जिंगचा दिवा. तत्त्व एकच. झोत टाकायचा, जनावर क्षणभर बिचकून उभे राहते, डोळे चमकतात, आणि त्या चमकेवर नेम धरायचा. ही पद्धत आपल्या भागात कायदेशीर होती असे अनेकांना वाटते. ते तसे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते. परंतु त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात सूर्यास्त ते सूर्योदय शिकार करण्यास, तसेच शिकारीसाठी कृत्रिम उजेड वापरण्यास मनाई होती. अपवाद एकच, मारलेल्या जनावरावर परत येणाऱ्या मांसभक्षक प्राण्याचा, तोही खास परवानगीने. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीच्या परवान्यांचे ते प्रकरणच गेले. म्हणजे “आमच्या वेळी” जे चालत होते ते चालत होते एवढेच. चालावे असे कायद्याने तेव्हाही म्हटले नव्हते.

आणि ती मनाई काही उगीच नव्हती. चमकणाऱ्या डोळ्यांची गोष्टच घ्या. गाय, बैल, कुत्रा, हरीण, रोही, बिबट, वाघ यांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. उजेड त्यावरून परत फिरतो म्हणून ते डोळे अंधारात पेटल्यासारखे दिसतात. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो. माणसाच्याही नसतो. याचा अर्थ सभासदांनी नीट ध्यानात घ्यावा. बॅटरीच्या झोतात जे लख्ख चमकते ते बहुधा डुक्कर नव्हेच. ते तुमच्या शेजाऱ्याचे सुटलेले वासरू असेल, कुत्रे असेल किंवा ज्याच्या अंगाला हात लावला तर तुरुंग ठरलेला असे काही असेल. आणि जे चमकत नाही, फक्त उसाच्या कडेला काळे, बुटके काहीतरी हलते आहे, ते डुक्कर असू शकते, तसा वॉल फिरवायला उकिडवा बसलेला माणूसही असू शकतो. ज्या जनावरासाठी हा सगळा खटाटोप, त्यालाच ओळखायला बॅटरी सर्वात कमी उपयोगी पडते!

थर्मलवाले इथेच म्हणतात, “म्हणूनच तर साहेब, थर्मल पाहिजे. त्यात सगळं साफ दिसते.” या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारत नाही. पण साफ म्हणजे किती साफ, हे विकणारा सांगत नाही म्हणून आम्ही सांगतो.

बाजारात दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने खपवल्या जातात. एक, रात्रीची दुर्बीण, म्हणजे नाइट व्हिजन. ती चांदण्यातला, ताऱ्यांचा असेल तो तोकडा उजेड वाढवून दाखवते, नाहीतर स्वतःच एक न दिसणारा लाल पलीकडचा झोत टाकते. उसात ती फारशी चालत नाही, कारण तो झोत समोरच्याच पात्यावर आपटून परत येतो आणि सगळे पांढरे दिसते. दुसरी, थर्मल. तिला उजेड लागत नाही. प्रत्येक उबदार वस्तूतून उष्णता बाहेर पडत असते आणि ही उष्णता म्हणजे डोळ्याला न दिसणारा एक प्रकारचा प्रकाशच असतो. थर्मलचे भिंग काचेचे नसते, जर्मेनियमचे असते. कारण साधी काच ही उष्णता अडवते. गाडीच्या काचेआडून थर्मल लावून पाहिले तर बाहेरचे काहीच दिसणार नाही, ते यामुळेच. भिंगातून आलेल्या या उष्णतेचे यंत्र चित्र करते. गरम ते पांढरे, थंड ते काळे.

काच अडवते तशी उसाची पातीही अडवतात. दहा महिन्यांचा ऊस बाहेरून बघितला तर थर्मलला हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. डुक्कर धुऱ्यावर, पांदीत, नाल्यात किंवा शेजारच्या चन्यात आले तरच दिसते. दुसरे म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापलेली जमीन, बांधावरचे दगड, मोटारीचे खोके, डीपी हे सगळे अर्ध्या रात्रीपर्यंत गरम असतात. जनावराच्या अंगाइतकेच गरम असले की जनावर त्यात हरवते. पहाटे तीन ते पाच, जमीन निवल्यावर चित्र चांगले येते. थंडीत तर फारच चांगले. पावसात आणि धुक्यात पुन्हा पुसट. तिसरे, जाहिरातीत “हजार मीटरवर दिसते” लिहिलेले असते. दिसते म्हणजे एक पांढरा ठिपका दिसतो. ठिपका आहे हे कळणे, तो चार पायांचा आहे हे कळणे आणि ते डुक्कर आहे हे कळणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला अंतर पुष्कळ जवळ यावे लागते. थर्मलमध्ये रंग नसतो, पट्टे नसतात, ठिपके नसतात. उसाच्या दोन सऱ्यांमधून दिसणारा जमिनीलगतचा उबदार डाग हा डुकराच्या पाठीचा की ओले पोते पांघरून पाण्याची पाळी धरणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा, हे शंभर पावलांवरून लाखाचे यंत्रही खात्रीने सांगत नाही.

पण आमच्या विरोधाचे खरे कारण यंत्राच्या या उणिवा नव्हेत. यंत्रे सुधारत जातील. पाच वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली आणि स्वस्त मिळतील. कारण वेगळेच आहे.

बॅटरीचा झोत दोन्हीकडून दिसतो. तुम्ही दुसऱ्याच्या वावराकडे बॅटरी मारली की तिथला माणूस ओरडतो, “कोन हाय रे तिकडं?” तुम्ही म्हणता, “मी हाय, डुकरं हाकून राह्यलो.” संपले. रात्रीच्या शिवारात आपण एकमेकांना बॅटरीने ओळखतो. कोणाची बॅटरी कुठे फिरते आहे यावरून आज कोण जागलीवर आहे, कोणाची मोटार चालू आहे हे सगळ्या गावाला कळते. थर्मल लावलेला मात्र पूर्ण अंधारात बसतो. तो सगळ्यांना पाहतो, त्याला कोणी पाहत नाही. ज्याच्याकडे बंदुकीची नळी वळली आहे त्याला “अरे, मी आहे” म्हणायची संधीच राहत नाही.

आपले रात्रीचे शिवार काही रिकामे नसते. ज्या फीडरला अजून आठवड्याच्या पाळीने रात्रीची वीज आहे, तिथे रात्री बारा-एक वाजता मोटार चालू करायला बाप जातो, नाहीतर पोरगा जातो. हंगामात बाहेरून आलेल्या तोडणीच्या टोळ्या उसाच्या कडेलाच खोपट्या टाकून राहतात. त्यांच्या बायका पहाटे अंधारातच बाहेर जातात, लेकरे कुठेही फिरतात. सोयाबीन, चना, तूर राखायला जागले बसलेले असतात. अशा ठिकाणी न दिसणारा माणूस, न दिसणाऱ्या उजेडात गोळी घालणार, या कल्पनेनेच आम्हाला झोप येत नाही.

हे भय मनाने रचलेले नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या मंडळींपैकी एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि तो गेला. परदेशात यंत्रे चांगली, माणसे शिकलेली, तिथे असे होत नाही म्हणावे तर फ्रान्समध्ये २०२० च्या डिसेंबरात एक तरुण संध्याकाळच्या सुमारास आपल्या घराजवळ लाकडे तोडत असताना एका शिकाऱ्याने त्याला रानडुक्कर समजून मारले. त्यावरून त्या देशात मोठे आंदोलन झाले. नेम चुकला म्हणून ही माणसे मेली नाहीत. नेम बरोबर लागला. समोर कोण आहे हेच चुकले.

थर्मलवाल्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. एका पदवीधर सभासदाने तो आमच्याकडे मांडला आणि तो इथे द्यायलाच हवा. त्याचे म्हणणे असे की, जर्मनीने २०२० साली आपल्या शस्त्र कायद्यात बदल करून शिकाऱ्यांना रात्री पाहण्याची उपकरणे वापरण्याची वाट मोकळी केली, ती रानडुकरासाठीच. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा रोग दाराशी आला होता म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरात तो रोग त्यांच्या रानडुकरांत सापडलाही. मग आपण का नाही? तो रोग तर २०२० पासून आपल्याही देशात, आसाम-अरुणाचलात आला आहे. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, तिथे शिकारीचा परवाना मिळवण्यासाठी रीतसर परीक्षा द्यावी लागते, शिकारीचे क्षेत्र एकेकाला वाटून दिलेले असते, शिकारी उंच मचाणावर बसून खाली जमिनीकडे गोळी घालतो म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते, आणि रात्री दोन वाजता त्यांच्या शेतात मोटार चालू करायला कोणी जात नाही. आपण थर्मल आणू. बाकीचे कुठून आणणार? आपल्याकडे पीक संरक्षणासाठी १९५९ च्या शस्त्र कायद्यात तोंडाकडून भरायच्या बंदुकीची सोय आहे. त्या भरमार बंदुकीवर लाखाची थर्मल बांधायची म्हणजे बंडीला विमानाचे चाक लावण्यासारखे आहे. आणि अशी बंदूकही ज्यांच्याकडे आहे असे सभासद बोटांवर मोजण्याइतके. मग थर्मल आल्यावर गोळी कोण घालणार? बाहेरून येणारे हौशी लोक. “तुमची डुकरे फुकटात मारून देतो” असे सांगत फिरणाऱ्यांची कमतरता नसते. त्यांना डुक्कर हवे असते ते आपल्या उसाच्या कळवळ्याने नव्हे, हे सांगायला कृषी पदविका लागत नाही.

कायद्याची आजची स्थितीही सांगून ठेवतो, कारण सभांमध्ये फार घोटाळा दिसला. “डुक्कर मारायला आता परवानगी आहे” हे वाक्य अर्धवट आहे. वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमानुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या अशा प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतो. आणि २०१५ साली राज्य शासनाने रानडुक्कर व रोही यांच्यापुरती ही परवान्याची पद्धत सोपी केली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या, त्यात रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. म्हणजे त्याला संरक्षण आहे, परवान्याशिवाय मारले तर गुन्हा आहे. बिहारमध्ये २०१५ साली आणि उत्तराखंडात २०१६ साली केंद्राने ६२ व्या कलमाखाली ठराविक जिल्ह्यांत, ठराविक मुदतीपुरते रानडुकराला उपद्रवी जाहीर केले होते. तसे इथेही व्हावे ही मागणी सभासदांनी जरूर करावी, तो त्यांचा अधिकार आहे. पण मागणी मान्य झाली असे समजून वागू नये. शिवाय परवान्याने मारलेले जनावर सरकारजमा होते, ते घरी नेता येत नाही. हे ऐकल्यावर एका सभेतला निम्मा उत्साह मावळला, हेही इथे नमूद करतो.

आता ज्या गोष्टीबद्दल सभेत कोणी तोंड उघडत नाही तिच्याबद्दल. बॅटरी आणि थर्मलचा वाद आपण मोठ्याने घालतो, पण शिवारात रात्री सर्वात जास्त जीव घेते ती वस्तू या दोन्हींत बसत नाही. ती म्हणजे खांबावरून आकडा टाकून धुऱ्याभोवती सोडलेली जिवंत तार. बॅटरीवाला थोडे तरी बघतो, थर्मलवाला जास्त बघतो. तार काहीच बघत नाही. २०१७ सालची गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे. ब्रह्मपुरी भागातून पकडून जुलै महिन्यात बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण तिथून निघाली आणि दोन-अडीच महिन्यांत शेकडो किलोमीटर फिरली. तिने माणसे मारली होती. तिला मारण्याचा आदेश निघाला होता, त्यावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वाद झाला होता. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. ती कुठे आहे हे यंत्रावर कळत होते, पथके मागावर होती. आणि १४ ऑक्टोबरला ती मेली ती कारंजा तालुक्यातल्या सिंदीविहिरीच्या शिवारात, डुकरांसाठी लावलेल्या तारेला चिकटून. त्या रात्री तिच्या जागी मागावरचा वनरक्षक किंवा शेजारचा शेतकरी असता तर? तारेने फरक केला नसता.

पुढच्याच वर्षी, वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा भागात टी-१ वाघिणीचा शोध चालला. हत्ती आणले, कुत्रे आणले, कॅमेरे लावले, उष्णता टिपणारे ड्रोनही आणले. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ ती गाडीतून, अगदी जवळून मारली गेली. आणि रात्री गोळी का घातली, पशुवैद्य सोबत का नव्हता, यावर पुढे कितीतरी महिने चौकश्या आणि वाद झाले. तेरा माणसे गमावलेल्या त्या गावांचे दुःख मोठे होते, त्यांना आम्ही बोल लावत नाही. पण सरकारी हुकूम हाती असलेल्या पथकाची रात्रीच्या गोळीवर एवढी झाडाझडती होत असेल, तर आपल्या वावरातल्या गोळीची किती होईल याचा विचार करावा. बोरचे जंगल १९७० पासून अभयारण्य आहे, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. क्षेत्र लहान, १३८ चौरस किलोमीटरच्या आसपास. तिथले वाघ-बिबट सीमारेषा बघून चालत नाहीत. सेलू, कारंजा, आर्वी भागातल्या सभासदाने रात्री उसाच्या कडेला जे काही पाहिले ते डुक्करच असेल, हे गृहीत धरणे बरे नव्हे.

मग थर्मल घ्यायचेच नाही का? घ्यायचे. पाहण्यासाठी तिच्यासारखी वस्तू नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडला बिबट्याने तीन बळी घेतल्यावर वनविभागाने उसाच्या त्या पट्ट्यात थर्मल ड्रोन फिरवून त्याला हेरले. भुलीचा बाण चुकला, मग नेमबाजांनी त्याला मारले. तो निर्णय वनविभागाचा, गोळी त्यांच्या माणसाची. ऊस उत्पादकाच्या उपयोगाची गोष्ट त्यातली पहिली आहे. उसात काय आहे हे माणूस आत शिरण्यापूर्वी वरून बघता आले. तोडणीच्या वेळी शेवटचा पट्टा उरतो, सगळी डुकरे त्यात गोळा होतात आणि अचानक टोळीच्या अंगावर येतात. कधी डुकराऐवजी बिबट्याची मादी पिलांसह असते. तो पट्टा पहाटे थर्मलने वरून पाहून घेतला तर कोयता लावायचा की वनविभागाला फोन करायचा हे आधी ठरवता येते. कळप कोणत्या धुऱ्याने येतो, कोणत्या नाल्यात दिवसभर पडून राहतो, हे चार पहाटे पाहिले तर कुंपण नेमके कुठे घालावे ते कळते. सगळ्या वावराभोवती खर्च करावा लागत नाही.

तेव्हा आम्ही संचालक मंडळापुढे ठेवलेली सूचना अशी आहे. थर्मल दुर्बिणीवर वैयक्तिक अनुदान देऊ नये. कारखान्याने हाती धरायच्या दोन दुर्बिणी घ्याव्यात, त्या ऊस विकास विभागाच्या ताब्यात राहाव्यात, गटवार पाळीने आमच्या कर्मचाऱ्यासोबत शिवारात जाव्यात, आणि ज्या वावरात बंदूक आहे तिथे त्या रात्री जाऊ नयेत. ड्रोन लागेल तेव्हा २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे प्रमाणपत्र असलेला चालक भाड्याने आणावा. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गटांत वनविभागाला विचारल्याशिवाय उडवू नये. जे अनुदान दुर्बिणीला मागितले ते झटका मशीनला द्यावे. झटका मशीन आणि जिवंत तार यांत काही सभासद फरक करत नाहीत, म्हणून सांगतो. झटका मशीन बॅटरीवर किंवा सौर पट्टीवर चालते, सेकंदाला साधारण एक, तोही निमिषभराचा धक्का देते, जनावर किंचाळून पळते आणि जिवंत राहते. घरगुती २३० व्होल्टची तार धरून ठेवते आणि सोडत नाही. एक पिकाचे रक्षण आहे, दुसरा वीजचोरीचा आणि माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा आहे. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळालेली आहे. आपले गाव त्यात बसते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावे.

आणि जागल सोडू नये. बॅटरी घेऊन, आवाज देत, दोघे मिळून. डुकराची नजर अधू असते पण कान आणि नाक फार तिखट. माणसाचा वास आणि वावर त्याला नको असतो. “बॅटरी मारली का पयते, अन् आपण घरी आलो का परत येते,” ही तक्रार खरी आहे. म्हणून एकट्याने रात्रभर बसण्यापेक्षा शेजारच्या चार वावरांनी पाळ्या लावाव्यात, दिव्याची आणि आवाजाची जागा रोज बदलावी. एकाच जागी लुकलुकणाऱ्या दिव्याला डुक्कर आठवड्यात सरावते. नुकसान झालेच तर दिवस न घालवता वनविभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. २०२३ पासून राज्यात वन्यप्राण्यांपासून झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा आहे. पुष्कळ सभासद आडवा ऊस आधी उचलून टाकतात आणि मग अर्ज घेऊन येतात. मग पंचनामा कशाचा करायचा?

तोडणीच्या कार्यक्रमाबद्दल विभागावरही एक जबाबदारी येते. जंगलालगतचे प्लॉट शेवटपर्यंत उभे राहिले की आजूबाजूची सगळी डुकरे तिथे येतात. लागणीच्या तारखेप्रमाणे तोड हा आपला नियम चांगला आहे, पण यंदा अशा सीमेवरच्या प्लॉटांना पंधरा दिवसांपर्यंत आधी तोड देण्याची मुभा मिळावी, असे आम्ही सुचवले आहे. यावर काही सभासद “आमची पाळी मागे गेली” म्हणून नाराज होतील. होऊ द्यात.

ज्यांच्या वावरात डुकराचा उपद्रव आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात गट नंबर, उसाचे वय आणि डुकरे कोणत्या बाजूने येतात ते लिहून द्यावे. ज्यांनी आजवर तार लावली आहे त्यांनी ती काढून ठेवून नाव द्यावे. कोणाला विचारणा होणार नाही, झटका मशीनच्या यादीत त्यांना आधी घेऊ. मंडळाने मंजुरी दिली तर दुर्बिणीची पहिली फेरी बोर धरणाकडच्या गटापासून सुरू होईल, कारण तिकडचा खोडवा सर्वात उशिरा तुटतो.